‘मले तं कोणी विचारलंच नाही’ म्हणून सर्व्हे खोटा ठरत नाही

आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला, तुम्हालाही आलाच असेल. देशात 97 कोटी मतदार, सर्व्हेवाले विचारतात पाच-दहा हजार लोकांना, तुम्हाला कधी विचारलं का, तुमच्या घरात कोणाला विचारलं का, नाही ना, मग हे आकडे एसीत बसून बनवलेले, 2024 ला तोंडावर आपटले तरी लाज नाही, यापेक्षा यूट्यूबवरचा पोल बरा, तिथे लाखो लोक मत देतात. माझ्या काकाजींनीही पाठवला अन् खाली लिहिलं ‘एकदम बरोबर’. काकाजी, बरोबर नाही. मी दोन सीझन टॅब घेऊन गावोगाव हेच काम केलं आहे, म्हणून एकेक मुद्दा धरून सांगतो, लांबेल थोडं पण पूर्ण वाचा.

पहिलं, माणसं कमी विचारतात हे. तुम्ही सोयाबीन मार्केटला नेता तेव्हा व्यापारी काही चाळीस पोते ओतून दाणा न् दाणा पाहत नाही, पोत्यात नळी खुपसून मूठभर काढतो, मशीनवर ओल पाहतो अन् 12 च्या वर दिसली की भाव पाडतो. तेव्हा तुम्ही ‘मूठभरच काऊन घेतलं’ म्हणून भांडत नाही, तुम्ही भांडता ‘कडेच्या ओल्या पोत्यातलंच काऊन घेतलं, मधातलंही पाय ना’ म्हणून. हाच खरा प्रश्न आहे अन् तो तुम्हाला माझ्यापेक्षा आधीपासून माहीत आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात खालून करपला असेल अन् शीत वरचंच उचललं तर काय कळणार.

नमुना नीट उचलला, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी मिळाली, तर हजार लोकांवरून काढलेला आकडा बहुतेक वेळा खऱ्याच्या 3 टक्के इकडे-तिकडे राहतो, दोन हजारांवर 2 च्या जरा वर, दहा हजारांवर 1. चूक अर्धी करायची तर माणसं चौपट लागतात. अन् मागे मतदार 97 कोटी आहेत की फक्त वर्धा जिल्ह्याचे, याने त्या हिशोबात जवळपास काही फरक पडत नाही. हां, आपल्याकडे बूथ निवडून एकेका बूथवर वीस-पंचवीस माणसं घेतात अन् एका गावची माणसं बरीचशी एकमेकांसारखीच मतं देतात, म्हणून खरी चूक या आकड्यांपेक्षा जास्तच धरायची, हे मी लपवत नाही.

‘मले कोणी विचारलं नाही’ याचं उत्तर सोपं आहे. 2024 च्या विधानसभेला महाराष्ट्रात लाखभर मतदान केंद्रं होती, मतदार साडेनऊ कोटींच्या वर. एखाद्या सर्व्हेने 300 बूथ घेतले तर तीनशे-साडेतीनशे बूथमागे एक. तुमच्या गावाचा नंबर आयुष्यात एकदाही लागला नाही तर त्यात नवल काहीच नाही.

आता यूट्यूब पोल, यावर मला जास्त बोलायचं आहे कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. अमेरिकेत 1936 ला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने तब्बल एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, 23-24 लाख उत्तरं परत आली, अन् त्यावरून त्यांनी छापलं की रिपब्लिकन पार्टीचा लँडन 57 टक्के मतं घेऊन जिंकणार. निकाल लागला तर आधीच राष्ट्राध्यक्ष असलेल्या रूझवेल्टला 61 टक्क्यांच्या आसपास. सर्व्हे करणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याच्या कितीतरी कमी माणसं विचारून रूझवेल्ट येणार हे आधीच सांगितलं होतं. झालं काय होतं, साप्ताहिकाने नावं घेतली टेलिफोन डिरेक्टरीतून अन् मोटारवाल्यांच्या यादीतून, तेही मंदीच्या काळात, म्हणजे गरीब माणूस यादीतच नव्हता. वरून ज्यांना रूझवेल्टचा राग होता त्यांनी हौसेने उत्तरं धाडली, बाकीचे गप्प राहिले. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडलं. यूट्यूब पोल हेच आहे, त्या चॅनेलवाल्याचे चाहते त्याच्याच पोलवर बटन दाबतात, अन् आपल्या गावात जिच्याजवळ साधा फोन आहे ती मजूर बाई त्यात कुठे आहे? लाख काय, दहा लाख मतं आली तरी ती बाई त्यात येत नाही.

2024 ला आपटले, हे खरं आहे. एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशे-चारशे दाखवले अन् आले 293. पण म्हणून सगळे एकाच पार्टीचे विकत घेतलेले, असं जे काही जण म्हणतात ते पटत नाही. 2004 ला एनडीए परत येते म्हणाले, आली नाही. 2023 ला छत्तीसगडमधे अन् 2024 ला हरियाणात बहुतेकांनी काँग्रेस दाखवली, दोन्हीकडे भाजप आली. चूक दोन्ही बाजूला होते. अन् मतं मोजणं वेगळं, सीटा सांगणं वेगळं. भाजपची मतं 2019 ला 37.4 टक्के होती अन् सीटा 303, 2024 ला मतं 36.6 टक्के अन् सीटा 240. एक टक्काही मत हललं नाही अन् 63 सीटा गेल्या! आपल्या राज्यातच लोकसभेला दोन आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, तरी सीटा 30 अन् 17, विदर्भात तर दहापैकी सात एकीकडे. जो सर्व्हे 3 टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो तो 17 की 30 कसं सांगणार? टीव्हीवर मात्र सीटाच पाहिजेत सगळ्यांना.

मग सर्व्हे बिघडतो कुठे, ते मी डोळ्याने पाहिलं आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी वावरात जातात, दिवस बुडताना येतात. दुपारी गावात गेलं की भेटतात पारावरचे म्हातारे अन् पानठेल्यावरचे पोट्टे, अन् दिवसाचं टार्गेट तर पूर्ण करायचं असते. संध्याकाळी बाई भेटलीच तर नवरा बाजूला उभा, ‘तिले काय विचारता, मले विचारा.’ अशा वेळी ती काय सांगणार? लोकनीती नावाच्या दिल्लीच्या अभ्यास संस्थेवाले यासाठी डमी मतपत्रिका अन् पेटी देतात, माणूस स्वतः शिक्का मारून टाकतो, विचारणाऱ्यालाही दिसत नाही. आमच्या एजन्सीने तसं काही दिलं नव्हतं. एकदा यादीत कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती होती, रस्ता नाही, चार किलोमीटर पायी. सुपरवायझर फोनवर म्हणाला, वरच्या गावातच वीस माणसं कर अन् पाठवून दे. मी गेलो, पण पोहोचेपर्यंत अंधार पडला, सातच फॉर्म झाले, बाकीचे तेरा दुसऱ्या दिवशी त्याने वरच्या गावातून भरून घेतले. त्या तेरा माणसांबद्दल आजही वाईट वाटते, कारण शेवटच्या आकड्यात पोडाचं म्हणून जे गेलं ते पोडाचं नव्हतंच.

हे त्या मेसेजमधे कुठेच नाही. मेसेज आकड्यावर अडून बसला अन् ज्याने पोड टाळला तो सुटला.

काकाजी, पीक कापणी प्रयोगाच्या वेळी, म्हणजे वावरात चौकोन आखून तेवढंच पीक कापून उत्पन्न मोजतात तेव्हा, तुम्हीच तलाठ्याला विचारलं होतं ना, चौकोन कोणाच्या वावरात पडला, ओलिताच्या की कोरडवाहू? पूर्ण मंडळाचा विमा बराचसा त्या मोजक्या चौकोनांवर ठरते म्हणून विचारलं होतं. तसंच इथेही विचारा: कोणत्या तारखेला केला, किती बूथ, घरी जाऊन की फोनवर, बाया किती, कितींनी उत्तर द्यायला नाही म्हटलं, पैसे कोणी दिले. हे लिहिलेलं नसेल तर तो सर्व्हे ग्रुपवर टाकू नका, मग त्यात आपली पार्टी जिंकत असली तरी.