आडात होतं, पोहरा उशिरा सोडला

२०२४-२५ चा सीझन संपला, आपल्या आर्सेनलनं साउदॅम्प्टनला शेवटची मॅच २-१ जिंकली, ७४ पॉइंट्स, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सलग तिसऱ्यांदा दुसरा नंबर. आणि लगेच आम्हा आर्सेनलवाल्यांच्यात तोच वाद. एक गट म्हणतो आपला मॅनेजर आर्टेटानं या स्क्वाडमधून जेवढं निघत होतं त्याच्यापेक्षा जास्तच काढलं, इंज्युरी बघा, रेड कार्ड बघा, स्ट्रायकर होता कुठे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. दुसरा गट म्हणतो एवढे चांगले प्लेयर दुसऱ्या कुणाच्या हातात असते तर आत्तापर्यंत लीग आलेली असती. मला दोन्ही पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट. टेबलमधला नंबर बघून मॅनेजरनं किती काढलं हे ठरवायचं बंद करा प्लीज. २०२३-२४ ला आपण ८९ पॉइंट्स काढून दुसरे आलो कारण समोर मँचेस्टर सिटी ९१ वर होती. लिव्हरपूल २०२४-२५ ला ८४ वर चॅम्पियन झालं. लेस्टर २०१६ ला ८१ वर झालं होतं. म्हणजे आपले ते ८९ या वर्षी असते तर लीग आपली होती, आणि मग हेच लोक आर्टेटाला जगातला सगळ्यात भारी मॅनेजर म्हणाले असते. मॅनेजर क्लॉपच्या शेवटच्या सीझनला लिव्हरपूलचे ८२ पॉइंट्स होते आणि ते तिसरे आले, त्याच्या जागी आलेल्या स्लॉटनं फक्त २ पॉइंट्स जास्त काढले आणि तो चॅम्पियन. स्लॉटचं श्रेय कमी करत नाहीये मी, त्याच्यावर येतोच, पण नंबर दुसऱ्या टीम काय करतात त्याच्यावरही असतो हे विसरून चालत नाही.

मग बघायचं काय? माझ्या मते एकच, मॅनेजरच्या हातात आलेला प्लेयर पुढे गेला का मागे गेला. इथे आर्टेटाला नावं ठेवणाऱ्यांनी जरा आठवावं की तो डिसेंबर २०१९ ला आला तेव्हा टीम काय होती, त्याच्याकडेच आपण लागोपाठ दोनदा आठवे आलो आणि तिथून त्यानं ही टीम उभी केली. सलीबा आणि गॅब्रिएलची जोडी त्याची. ओडेगार्ड रियल माद्रिदमध्ये बसून होता, त्याला कॅप्टन केला. या सीझनला लीगमध्ये सगळ्यात कमी गोल आपणच खाल्ले, ३४. हरलो फक्त ४ मॅच, आणि चॅम्पियन लिव्हरपूलही ४ च हरलंय! एप्रिलमध्ये रियल माद्रिदला घरी ३-० आणि त्यांच्या मैदानावर जाऊन २-१, राइसच्या त्या दोन फ्री किक मी आयुष्यात विसरणार नाही. हे सगळं करणारा माणूस स्क्वाडमधून काही काढत नाही असं म्हणणं म्हणजे मॅच न बघता बोलणं झालं.

पण.

हरलो ४ तर मग गेलं कुठे? ड्रॉमध्ये. १४ ड्रॉ. एव्हर्टनशी घरी ०-०, ॲस्टन व्हिलाशी घरी २-० ने पुढे असताना २-२. आदल्या सीझनला आपण लीगमध्ये ९१ गोल मारले होते, या वर्षी ६९. बावीस गोल कमी, आणि लीगमधला आपला टॉप स्कोअरर हॅवर्ट्झ, ९ गोल, तोही फेब्रुवारीत हॅमस्ट्रिंग जाऊन जवळपास सीझन संपेपर्यंत बाहेर. पहिला गट इथे लगेच म्हणतो, बघा, प्लेयरच नव्हते. एन्केटियाला विकला, स्मिथ रोला विकला, बदल्यात स्टर्लिंगला लोनवर आणला ज्यानं लीगमध्ये एकही गोल केला नाही, जानेवारीत जीझसचा गुडघा गेला तरी एक स्ट्रायकर घेतला नाही. हे सगळं खरं आहे आणि यात क्लबचीही चूक आहे, सगळं मॅनेजरच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही.

तरी माझं म्हणणं वेगळं आहे. आडात पाणी होतं हो. पोहरा सोडला नाही वेळेवर. या सीझनला आपल्याला सगळ्यात जास्त आनंद कुणी दिला ते आठवा. लुईस-स्केली, अकॅडमीतला मिडफिल्डर, लेफ्ट बॅक म्हणून सलग खेळायला लागला डिसेंबरमध्ये, का तर लेफ्ट बॅक खेळणारे एकामागून एक जखमी होत होते. फेब्रुवारीत त्यानं सिटीविरुद्ध गोल केला आणि मार्चमध्ये इंग्लंडकडून पहिल्याच मॅचमध्येही गोल. न्वानेरी, ज्याला आर्टेटानंच १५ व्या वर्षी लीगमध्ये उतरवला होता, त्याला उजवीकडे नीट संधी मिळाली ती साकाची हॅमस्ट्रिंग गेल्यावर, आणि त्या सिटीच्या ५-१ मध्ये पाचवा गोल त्याचा. मेरिनो तर कहरच, आयुष्यभर मिडफिल्ड खेळलेला माणूस, हॅवर्ट्झही गेल्यावर लेस्टरविरुद्ध शेवटी शेवटी नाइलाजानं पुढे पाठवला आणि त्यानं शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल मारले, नंतर माद्रिदविरुद्धसुद्धा मारला.

तिन्हीत एकच गोष्ट दिसते का? तिघंही आधीपासून स्क्वाडमध्ये होते. त्यांना तयार करायचं कसब आर्टेटाकडे आहे, निर्विवाद आहे, मिडफिल्डरला उभ्या उभ्या स्ट्रायकर करणारे मॅनेजर जगात किती असतील? पण प्रत्येक वेळी दुसरा काही पर्यायच उरला नाही तेव्हाच त्यांना संधी मिळाली. मनानं नाही, नाइलाजानं. आणि तोपर्यंत पॉइंट्स जात राहिले आणि साका पळत राहिला. हा तोच साका ज्याला लीगमध्ये सलग ८७ मॅच खेळवल्या होत्या, २०२३ ला जखमी झाला तेव्हा कुठे ती रांग तुटली. डिसेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध तो मांडी धरून बाहेर गेला ते एप्रिलपर्यंत दिसला नाही. हॅमस्ट्रिंग कुणाचीही कधीही जाऊ शकते, मी डॉक्टर नाही, पण एका पोरावर एवढा भार टाकायचा आणि बेंचवर न्वानेरीला बसवून ठेवायचं, याला मी स्क्वाड वापरणं म्हणत नाही.

त्या शेवटच्या साउदॅम्प्टन मॅचला पहिला गोल कुणी केला माहितीये ना? टियर्नीनं. वर्षभर जेमतेम दिसलेला, सेल्टिकला परत जायचं केव्हाच ठरलेलं, आणि जाता जाता गोल करून गेला. मला आनंदही झाला आणि रागही आला.

म्हणून माझं मत असं आहे की आर्टेटा पहिल्या अकरातून पुरेपूर काढतो, कदाचित पुरेपूरहून जास्त, पण स्क्वाडच्या चोविसातून काढत नाही. आणि लीग अडतीस मॅचची असते, वर युरोप, वर कप, ती अकरा जणांवर जिंकता येत नाही.

आता स्लॉट. त्याला उन्हाळ्यात क्लबनं दिला तो म्हणायला एक किएसा, आणि तो फारसा खेळलाही नाही. झुबिमेंडी हवा होता, तो नाही म्हणाला. मग त्यानं काय केलं, क्लॉपच्या काळात आत-बाहेर होत राहिलेल्या ग्राव्हेनबर्खला डिफेन्सच्या पुढे उभा केला, पहिल्या मॅचपासून, आणि त्याच्याभोवती सगळी टीम बसवली. नाइलाज तिथेही होता हे कबूल, पण ऑगस्टमध्ये निर्णय झाला होता, फेब्रुवारीत नाही. फरक मला तिथे दिसतो.

मॅनेजर बदलला की तोच स्क्वाड बदलतो याची उदाहरणं देऊन "आर्टेटा आउट" म्हणणाऱ्यांनाही सांगायचंय. हो, टुखेलनं जानेवारी २०२१ ला लॅम्पार्डची नवव्या नंबरवरची चेल्सी घेतली आणि मे महिन्यात पोर्तोमध्ये चॅम्पियन्स लीग उचलली, जवळजवळ त्याच प्लेयरना घेऊन. पण दुसरी बाजू पण बघा ना, आपला आधीचा मॅनेजर एमरी, त्याला आपणच २०१९ ला काढला, तेव्हा त्याला किती बोललो होतो आपण. त्यानं २०२२ ला खाली घसरलेली व्हिला हातात घेतली, त्याच सीझनला सातवी आणली आणि पुढच्या वर्षी चौथी. माणूस तोच होता. आणि मॅकटॉमिने, मँचेस्टर युनायटेडला नकोसा झालेला प्लेयर, नापोलीत कॉन्टेच्या हाताखाली गेला, आदल्या वर्षी दहावी आलेली ती टीम इटलीची चॅम्पियन झाली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. काढून टाकलं की सुटलं असं नसतं, कधी कधी आपण काढलेलं माणूस दुसरीकडे जाऊन आपल्यालाच नडतं.

मला आर्टेटा हवाय. अजून काही वर्षं हवाय. पण पुढच्या सीझनला स्ट्रायकर येवो न येवो, मी एक गोष्ट सतत बघणार आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर आपण २-० ने पुढे असू, साठावं मिनिट असेल, कुणी जखमी नसेल, तेव्हा साका बाहेर येतो का आणि न्वानेरी आत जातो का. तसं झालं तर मला वाटतं या वेळी आपण शेवटपर्यंत टिकू. नाही झालं तर मार्चमध्ये आपण परत इंज्युरी लिस्टच मोजत बसू, आणि तेव्हा मला कुणी "नशीब खराब" म्हणून सांगू नका.