प्रयत्न दिसतोय!

बेचाळिसाव्या वर्षी मला पोहणं शिकायची हुक्की का आली, ते राहू द्या. धडा साधाच होता. फळी धरायची आणि पाय मारायचे. मी जीव तोडून मारत होतो. काठावरच्या बाकावर एक आजोबा मांडीवर कोरडा टॉवेल घेऊन बसले होते.

"वा! प्रयत्न दिसतोय हं!"

मला हुरूप आला. दुप्पट जोर लावला. पाणी इतकं उसळलं की बाकापर्यंत गेलं.

"याला म्हणतात जिद्द! बघ गं, काका किती मेहनत घेतायत."

शेजारची सातेक वर्षांची नात मन लावून बघत होती. "पण आजोबा, काका मघापासून त्या तुटक्या फरशीपाशीच आहेत."

आजोबांनी चष्मा पुसला. आधी फरशी बघितली, मग मला.

"मागे तर नाही ना गेले?"

"गेले ना. थोडेसे."

"मग जोर कमी पडतोय. अहो, मनापासून मारा!"

मारले. नाकातोंडात पाणी गेलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

गुडघे वाकवून आणि घोटे ताठ ठेवून पाय मारले की माणूस जागचा हलत नाही, कधी उलटाही सरकतो, असं प्रशिक्षकांनी सांगितलं. नंतर. तास संपल्यावर. तोवर त्यांचाही मंत्र एकच होता, "जोर लावा!" शिकवता येत नसलं की लोक जिद्दीवर घसरतात, हे माझं शाळेपासूनचं दुखणं आहे.

1908 साली यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे झटके देऊन शिकवून बघितलं. काम अवघड असेल तर जबर झटक्यापेक्षा मध्यम झटक्याने उंदीर लवकर शिकले. 1969 साली झायन्स या मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी तर झुरळं पळवली, तीही प्रेक्षक म्हणून दुसरी झुरळं बसवून. सरळ वाटेवर प्रेक्षकांमुळे वेग वाढला, वळणाच्या वाटेवर मात्र झुरळं रखडली. म्हणजे नवख्याकडे टक लावून बघू नये, हे झुरळांच्या बाबतीत सिद्ध झालंय. माझ्या बाबतीत कोण सिद्ध करणार? निदान त्या झुरळांना कुणी "मनापासून पळा" म्हणालं नव्हतं.

निघताना आजोबा प्रेमाने म्हणाले, "उद्याही आम्ही याच वेळेला!"

मी तडक कार्यालयात जाऊन वेळ बदलून मागितली. बाकी सगळ्या तुकड्या भरल्यात म्हणे.