म्हणे, प्लॅन डबल करा आणि नेट पळवा!

एका मित्राने पुढे ढकललेला मेसेज आता तिसऱ्या ग्रुपवरही दिसला: "केबलचं नेट रडतंय? प्लॅन डबल करा. जास्त अँटेनांचा राउटर आणा. संध्याकाळी स्लो होत असेल तर कंपनी मुद्दाम स्पीड कापते. वायर-बियर सगळी सारखीच, तिच्यात वेळ घालवू नका."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यानेच मला दोन महिने छळलं.

आमच्याकडे नेट दिवसातून चार-पाच वेळा तुटायचं. मीही प्लॅन वाढवला. ढिम्म फरक नाही. शेवटी टीव्हीचं कपाट ओढून मागे बघितलं, तर बाहेरून आलेली केबल चार तोंडांच्या जुन्या स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका केबलचे फाटे करणाऱ्या डबीत, शिरलेली. तीन तोंडं रिकामी, धूळ खात, चौथ्यावर मोडेम. असा स्प्लिटर साधारण ७ डेसिबल खातो, म्हणजे आलेल्या सिग्नलचा जेमतेम पाचवा हिस्सा मोडेमपर्यंत पोचतो. मोडेम परत पाठवतो त्या सिग्नलचीही तीच गत, म्हणून तो बिचारा ताकद वाढवून ओरडत राहतो. स्प्लिटर काढला, केबल जॉइनरने सरळ जोडली, कनेक्टर घट्ट पिळले. बऱ्याच केबल मोडेमचं माहितीचं पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की उघडतं. तिथे डाउनस्ट्रीमची, म्हणजे घरात येणाऱ्या सिग्नलची, पातळी उणे १२ होती, ती सुधारून उणे ५ झाली. वाटेत बिघडलेल्या आणि दुरुस्त न झालेल्या डेटाचा आकडाही वाढायचा थांबला. खर्च एका जॉइनरचा. टीव्हीलाही केबल हवी असेल तर आधी दोन तोंडांचा स्प्लिटर लावा. एक तोंड थेट मोडेमला, घरातली बाकीची वाटणी दुसऱ्या तोंडावर.

आता प्लॅन. ४के व्हिडिओला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला तीन-चार. शंभरच्या प्लॅनमध्ये चार माणसांचं घर सहसा आरामात चालतं. डाउनलोडच्या खिडकीत १२ दिसले म्हणून फसवणूक झाली असं वाटून घेऊ नका: ती मोजणी बाइटमध्ये असते, प्लॅन बिटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट. अवजड फाइली रोज उतरवत असाल तर मोठा प्लॅन जरूर घ्या.

पण कॉलमध्ये आवाज तुटतो तो बहुतेक वेळा अपलोडमुळे. केबलच्या जुन्या रचनेत वर जाणाऱ्या डेटाला ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी असते. खाली येणाऱ्याला ५४ पासून पुढे जवळपास हजारापर्यंत मोकळं रान. त्या चिंचोळ्या वाटेत कोणाचा तरी फोन हजार फोटोंचा बॅकअप ढकलत असला की कॉल मागे रांगेत उभा. डबल प्लॅनमध्ये पुष्कळदा डाउनलोडच डबल होतो. तेव्हा प्लॅन निवडताना अपलोडचा आकडा स्वतःहून विचारा, जाहिरातीत तो बारीक अक्षरात असतो.

संध्याकाळच्या मुद्द्यात तक्रार खरी आहे, कारण चुकीचं. केबलच्या एका नोडवर, म्हणजे कंपनीच्या परिसरातल्या जोडणीच्या ठिकाणावर, आसपासची कितीतरी घरं तीच क्षमता वाटून घेतात. सगळे एकदम बसले की वाटा कमी होतो. आधी खात्री करा. लॅपटॉप थेट मोडेमला वायरने लावायचा, पहाटे एकदा आणि रात्री नऊला एकदा, तीन दिवस मोजायचं. पहाटे ठीक आणि रात्रीच पडत असेल तर नोडवर गर्दी आहे. तुम्ही प्लॅन वाढवल्याने ती वाट रुंद होत नाही, म्हणून ही नोंद दाखवून कंपनीकडे तक्रार करा. दोन्ही वेळा वाईट असेल तर केबल आणि सिग्नल तपासा. वायरवर दोन्ही वेळा छान, पण वायफायवर रड, तर गाडी राउटरवर आली.

आणि राउटरचं म्हणाल तर अँटेना मोजून काही कळत नाही. तो कपाटातून बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. जवळच्या उपकरणांना वायफायची ५ गिगाहर्ट्झची पट्टी द्या, भिंतीपलीकडच्यांना २.४. राउटरच्या मागचं पोर्टही बघा. ते १०० एमबीपीएसचंच असेल तर ३०० चा प्लॅन घेतला तरी मोजणी ९४-९५ ला अडकते. मेसेज पाठवणाऱ्या मित्राकडे नेमकं हेच निघालं. त्याच्या राउटरला अँटेना मात्र सहा आहेत.