घाणेरीला सातबारा

कोनोकार्पस, म्हणजे कुंपणाला लावतात ते झपाट्याने वाढणारं परदेशी झाड, ते अपायकारक असल्याची बातमी सगळ्यांनीच वाचलेली. टेकडीवरून उतरून कट्ट्यावर बूड टेकायच्या आत अण्णा सुरू.

"मी ओरडत होतो! गुजरातने २०२३ सालीच बंदी घातली. आणि आमच्या चेअरमननी कंपाउंडला रांगच्या रांग लावली!"

चेअरमन बिनसाखरेचा चहा फुंकत होते. "भिंत झाकली गेली की नाही वर्षभरात? तुमचा पळस लावला असता तर नातवाच्या मुंजीपर्यंत गुडघ्याएवढा झाला असता."

हे खोटं नाही. पळस पहिली काही वर्षं मुळं खोल घालत बसतो, वर दाखवायला काही नसतं. पण अण्णांना असलं काही ऐकू येत नाही. निवृत्त झाल्यापासून ते देशी झाडांचे फौजदार आहेत. वेताळ टेकडीवर काठीने एकेकाला हटकत चालतात: "गिरिपुष्प, मेक्सिको! सुबाभूळ, मेक्सिको!" खाली येईपर्यंत गुलमोहराला मादागास्करला परत पाठवून झालेलं असतं.

पक्या अण्णांच्या हातातल्या वड्याकडे बघत म्हणाला, "बटाटा समुद्रापलीकडचा, आतली मिरचीपण. खाली ठेवा आधी. आणि काल देवाला काय वाहिलंत?"

"चाफा."

"देवचाफा? तोही मेक्सिकोकडचा. झेंडूसुद्धा. दसऱ्याला तोरण कशाचं करणार, टणटणीचं?"

"टणटणी म्हणजे घाणेरीच की," नर्सरीवाला दत्ता म्हणाला. "तीपण अमेरिकेतनंच आली."

अण्णांनी वडा खाली ठेवला नाही, पण चावणं थांबवलं.

तेव्हा वंदनाताई बोलल्या. बाई तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवत होत्या, त्यामुळे मध्ये कोणी बोलत नाही. "पक्या, सगळं एका टोपलीत भरू नकोस. झेंडू लावला तिथे राहतो, हंगाम संपला की मरतो. घाणेरी कोण लावतं? पाखरं फळं खाऊन बी टाकतात, डोंगरच्या डोंगर भरतो, खाली गवताला जागा उरत नाही. पाहुण्याला आपण चहा देतोच. तो सातबाऱ्यावर नाव चढवायला निघाला की मग बोलावं लागतं."

सातबारा शब्द ऐकला आणि अण्णांची जुनी जखम वाहायला लागली. त्यांचा शेवगा! पावसाळ्यात त्यावरच्या केसाळ अळ्या चेअरमनच्या गाडीवर पडायच्या, म्हणून सोसायटीने ठराव करून तोडला. त्या रागात अण्णा निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. सूचक म्हणून सही करणाऱ्यानेसुद्धा मत दिलं नव्हतं. (सूचक पक्या होता.)

"अळ्यांचं बोलू नका," चेअरमन म्हणाले. "आमच्या गॅलरीतला कढीलिंब पार बोडका केलाय. कालच औषध मारलं."

वंदनाताईंनी कप ठेवला. "कशा होत्या? आधी पाखराची शीट पडल्यासारख्या, मग हिरव्या? डिवचलं की डोक्यामागून शिंगं काढून घाण वास सोडणाऱ्या?"

"त्याच!"

"कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या त्या. तुमच्या सूनबाई फुलपाखरं यावीत म्हणून कॉसमॉस लावतात, आणि तुम्ही त्यांची पोरं मारता. फुलपाखरं काय कुरिअरने येतात? २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, त्याची अळीही लिंबाच्याच कुळातली पानं खाते. ज्या बागेत एक पान कुरतडलेलं नाही, ती बाग कोणाच्या उपयोगाची?"

"म्हणून म्हणतो, देशीच!" अण्णांनी टाळी मागितली.

"थांबा. पानफुटी तुमच्या गुलमोहराच्याच गावची. तरी रेड पिएरोची अळी तिच्या पानात शिरून आतून खात बसते. फुलपाखरू तुमच्यासारखं मोबाईलवर अ‍ॅप उघडून झाड कुठलं ते बघत नाही, अण्णा."

चेअरमन एवढ्या जोरात हसले की ठसका लागला. मग थोडे नरमून त्यांनी दत्ताला विचारलं, की कोनोकार्पस काढला तर भिंतीला लावायचं काय.

"अडुळसा, निरगुडी. पावसाळ्यात छाट कलम लावा, धरतं. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. काटे चालत असतील तर करवंद, माणूससुद्धा आत यायचा नाही. फाटकाशी बहावा. बी टणक असतं, कानशीने घासून रात्रभर भिजवा, नाहीतर उगवायची वाट बघत बसाल. मी तर ताम्हणाची रोपंही ठेवतो, राज्याचं फूल म्हणून. कोण घेतं? पिशवीत काडीसारखं दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं, कचरा होणार नाही असं झाड द्या. मी म्हणतो, प्लॅस्टिकचं न्या. आणि पळस दाखवला की विचारतात, एवढीच पानं?"

"तीनच असणार, कुठेही गेलास तरी," पक्या म्हणाला.

"पण अण्णांच्या शेवग्याची जागा सोडा," वंदनाताईंनी काडी टाकली. "तिथे शेवगाच लावा परत."

"बी कुठलं आणणार? तसा शेवगा आता मिळणार नाही," अण्णांचा आवाज कातर.

चेअरमननी घसा साफ केला. "मिळेल. तोडला त्या दिवशी दोन फांद्या मी गावी शेतावर नेऊन पुरल्या होत्या. लागल्यात."

कट्टा गप्प. मग पक्याची ट्यूब पेटली. "म्हणजे गेल्या महिन्यात तुम्ही घरोघर वाटल्या त्या शेंगा…"

"त्याच."

"अण्णा, तुम्ही इथे बसूनच म्हणालात ना, बऱ्या आहेत, पण आमच्या शेवग्याची सर नाही?"

दत्ता चहा सांडेपर्यंत हसला. वंदनाताईंनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी उरलेला वडा एका घासात संपवला आणि म्हणाले, "जमीन बदलली की चव बदलते! विचारा यांना, जीवशास्त्र आहे ते!"