सत्तर हजार प्रकाशवर्षं व्हाया आंबा घाट

गणपतीपुळ्याचं ठरलं तेव्हा सगळं जुळून आलं होतं. हॉटेल मिळालं, दाजींची रजा मंजूर झाली, सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरली. फक्त निघायच्या पहाटेच आमच्या गल्लीत पाण्याची पाळी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. लग्नाचा मुहूर्त चुकला तर दुसरा काढता येतो, पाण्याची पाळी चुकली की चुकली.

पहाटे चारला गाडी दारात घरघरत होती, दहा माणसं आवरून बसली होती आणि सासूबाई नळापाशी पाट टाकून बसल्या होत्या.

"आई, चला की."

"पाणी सोडून जायचं व्हय? परत आल्यावर काय समुद्र पिणार हाईस?"

पाणी साडेपाचला आलं. टाकी, पिंपं, कळश्या, बादल्या, शेवटी कुकरची भांडीसुद्धा भरून पावणेसातला आम्ही हललो. मी ज्या मालिका बघते त्यात कॅप्टन खुर्चीत बसून नुसतं "एंगेज" म्हणतो आणि यान सुटतं. त्याच्या आईने पिंप भरलेलं असतं की नाही, हे कधी दाखवत नाहीत.

तर मालिका. हे व्यसन मला १९९८ साली दूरदर्शनवरच्या 'कॅप्टन व्योम'ने लावलं. बारा वर्षांची होते, मिलिंद सोमण अंतराळात फिरत होता, आणि वर्गातल्या बाकीच्या मुलींना त्यातला फक्त मिलिंद सोमण दिसत होता. मला अंतराळही दिसत होतं. (मिलिंद सोमणही दिसत होता, खोटं कशाला बोलू.) पुढे लग्न झालं, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायची नोकरी लागली, दोन मुलं झाली, पण रात्री साडेदहाला भांडी पालथी घातली की फोनवर एक भाग बघितल्याशिवाय झोप येत नाही. गेली दोन वर्षं 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' चालू होतं. कथा साधी आहे. कॅप्टन जेनवे नावाच्या बाईचं यान एका फटक्यात सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं. पूर्ण वेगाने निघाले तरी घरी पोचायला पंचाहत्तर वर्षं. ती बाई दीडशेच्या आसपास माणसांना घेऊन घराकडे निघते आणि सात सीझन निघालेलीच असते. मधे कुणी "अजून किती लांब?" विचारत नाही.

शेवटचा दीड तासाचा जोडभाग मी मुद्दाम राखून ठेवला होता. समुद्र समोर, पाय वाळूत, फोन हातात. फोनमध्ये उतरवून घेतला, हेडफोन पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला आणि घरात कुणाला बोलले नाही.

सामानाचंही सांगायला हवं. शेंगाचटणीचे दोन डबे, कडक भाकरीची चळत, धपाटे, आणि अकरा सोलापुरी चादरी. "हाटेलातल्या चादरींचा काय भरवसा?" या एका वाक्यावर मागची अख्खी सीट गेली. टॉवेल मीच आणले होते, आमच्याच कारखान्याचे, माणशी एक. माझं कारण वेगळं होतं. बीबीसीने १९८१ साली 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' दाखवली होती, मूळची रेडिओवरची. त्याच कथेच्या पुस्तकात म्हटलंय की अंतराळात भटकणाऱ्याजवळ असावी अशी सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे टॉवेल. जगभरातले वेडे लोक २५ मेला टॉवेल दिन पाळतात, खांद्यावर टॉवेल टाकून हिंडतात. ज्या गावाची अर्धी चूल टॉवेलवर पेटते त्या गावात हे मला सोडून कुणाला ठाऊक नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मंगळवेढ्याच्या आतच काकांनी (म्हणजे आमचे चुलत सासरे) गाडी थांबवायला लावली. शुगर आहे, इलाज नाही. मग सांगोल्याच्या अलीकडे. मग सांगोल्याच्या पलीकडे. 'बॅटलस्टार गॅलेक्टिका'च्या पहिल्या सीझनचा पहिला भाग आहे, त्यात शत्रू दर तेहतीस मिनिटांनी हल्ला करतो. पाच दिवसांहून जास्त काळ यानावर कुणी झोपलेलं नसतं, सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. मी घड्याळ लावून बघितलं. काका पस्तीस मिनिटांवर होते. मधल्या वेळात त्यांनी मंगळवेढ्याला दामाजीपंतांचं दर्शन घेतलं आणि "आता इथपर्यंत आलोयच तर पंढरपूर काय, हितंच तर हाय" असा ठराव मांडला. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. स्टार ट्रेकमध्ये पहिला नियम असतो: दुसऱ्यांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. सुनेने पाळावा असा याहून चांगला नियम मला अजून सापडलेला नाही. ठराव शेवटी सासूबाईंनीच पाडला, कारण मागच्या महिन्यात विठोबाने त्यांना नीट दर्शन दिलं नव्हतं.

कोल्हापुरात अंबाबाई, तांबडा-पांढरा, त्यावर दाजींची डुलकी. आणि मग आंबा घाट.

नणंदेचा धाकटा पहिल्या वळणाला गप्प झाला. दुसऱ्याला पांढरा पडला. मी आवळासुपारी दिली, लिंबू हुंगायला दिलं, तरी त्याच्या कपाळावर घामाचे बारीक दाणे आले तेव्हा ओळखलं की आता वेळ नाही. सीटखाली हात घातला, हाताला लागली ती पिशवी काढून त्याच्या तोंडाशी धरली. त्याने आत वाकून बघितलं, क्षणभर थांबला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला,

"मामी, ह्यात भाकरी हाय."

आणि मग थांबला नाही. त्याचं बघून माझी मुलगी. तिचं बघून दाजी. कॅप्टन व्योमच्या यानात कुणाला गाडी लागलेली मी बघितली नाही. ट्रान्सपोर्टरही आठवला. यान दर आठवड्याला ग्रहावर उतरवून दाखवायचं तर खर्च परवडत नव्हता, म्हणून स्टार ट्रेकवाल्यांनी माणूस इथे विरघळवून तिथे उभा करायची युक्ती काढली. पैसे नव्हते म्हणून काढली! आमच्याकडेही नव्हते, पण आम्ही घाटाने गेलो.

गणपतीपुळ्यातल्या तीन दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. सोलापुरात मे महिन्यात माणूस भाजून निघतो, कोकणात तो वाफवून निघतो, इतकाच फरक. बाप्पाचं दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणा झाली. दाजी लाल टीशर्ट घालून उंटावर बसले. जुन्या स्टार ट्रेकमध्ये लाल शर्टवाला ग्रहावर उतरला की तो भाग संपेपर्यंत बहुधा राहत नाही, हे मला आठवलं आणि मी ह्यांना म्हटलं, "अहो, त्यांना सांगा उतरायला." ह्यांनी "काय बाई तुझं एकेक" म्हटलं. दाजी वाचले. पण उंट बसताना आधी पुढून बसतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे दोन दिवस ते उभ्यानेच जेवले.

माझा शेवटचा भाग? पहिल्या रात्री लाईट गेली. दुसऱ्या दिवशी वाळूत पाय घालून बसले, हेडफोन लावला, नावं पडद्यावर आली, आणि "मामी, फोन दे ना, पाच मिनिटं." फोन परत आला तेव्हा तीन टक्के चार्जिंग होतं आणि पडद्यावर कुणीतरी कँडी फोडत होतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई आणि नणंदबाई यांच्यात मोदक तळणीचे की उकडीचे यावरून अबोला धरला गेला आणि दोन्हीकडचे निरोप पोचवायला एकच माणूस मोकळं होतं. त्या दिवशी तारीख २५ मे होती. संध्याकाळी खोलीकडे येताना वर बघितलं, तर गॅलरीच्या कठड्यावर अकरा सोलापुरी टॉवेल ओळीने वाळत होते, वाऱ्यावर फडफडत. मी खाली एकटीच उभी राहून हसले.

परतीला कोल्हापूर सोडलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पोरं चादरीत गुरफटून पडली होती. काकासुद्धा झोपले होते, म्हणजे तासभर हमी. मी फोन काढला. शेजारी सासूबाई जाग्या होत्या.

"काय बघतीस?"

लपवण्यात अर्थ नव्हता. हेडफोनची एक वायर त्यांच्या कानात घातली. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून मी हळूच सांगत गेले. यान शेवटी घरी पोचलं, पण तेवीस वर्षं लागली, माणसं गेली. आता कॅप्टन जेनवे म्हातारी झालीय. तिला ते सलतं. म्हणून ती काळात सव्वीस वर्षं मागे जाते, आपल्याच जुन्या यानावर येते आणि तरुणपणच्या स्वतःलाच सांगते की बाई, मी सांगते त्या वाटेने चल.

"आणि ही ऐकत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"नाही ऐकत. तिचं म्हणणं, यानाची कॅप्टन मी."

"माहीतच हाय मला." त्या सरसावून बसल्या. "अगं, पण म्हातारी सगळं बघून आलीया ना? मग ऐकायला काय झालं हिला?"

"तिला वाटतं, आपलं आपण बघू."

"वाटंल की. पिंप रिकामं घावल्यावर कळंल."

मी काही बोलले नाही. पहिला नियम. पडद्यावर दोघी जेनवे एकमेकींसमोर उभ्या होत्या, कुणी मागे हटत नव्हतं, आणि सांगोल्याच्या अलीकडे, जिथे दोघी कॉफी घेत एकत्र काही ठरवू लागल्या तिथे, फोन बंद पडला.

"पोचले का न्हाई गं ते?"

"काय माहीत, आई."

दुसऱ्या रात्री साडेदहाला भांडी पालथी घालून मी फोन घेतला, तर सासूबाई चटई घेऊन दारात उभ्या.

"लाव की."

लावलं. बघितलं. शेवट काय झाला ते सांगत नाही, तुम्हीही दोन वर्षं घाला. संपल्यावर त्या जरा वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मधलंच बघितलं की आपण. निघाले कुठनं ते कळलंच न्हाई. पहिल्यापासनं लाव."

लावलं. पहिल्याच भागात ते यान तिथल्या एका उजाड, रखरखीत ग्रहापाशी येतं. तिथे पाण्याचा थेंब नाही, लोक पाण्यासाठी सौदे करतात. नीलिक्स नावाचा एक केसाळ प्राणी कॅप्टनला मदत करतो, मोबदल्यात पाणी मागतो, आणि यानावर पाय ठेवल्यावर पहिलं काम काय करतो, तर टबात गळ्यापर्यंत बुडून बसतो.

सासूबाई ताडकन उठून बसल्या.

"अगं, बंद कर म्हणावं त्याला! पिंपभर पाणी अंगावर घेतलं मेल्यानं. पाळी कधी हाय त्यांची, विचारलं का कुणी?"