'चू' आडनावाचे सगळे चिनी मूळचे भारतीय? एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात आठवीतली माझी भाची शाळेच्या प्रकल्पाचा तक्ता दाखवायला घरी आली. विषय होता प्राचीन भारत आणि चीन. तक्त्याच्या मधोमध तिने लाल स्केचपेनने एक चिनी अक्षर फार मेहनतीने काढले होते आणि त्याखाली लिहिले होते, 'चू : भारतातून चीनमध्ये गेलेले आडनाव'. माहिती कुठून घेतलीस असे विचारल्यावर तिने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा संदेश काढून दाखवला. तोच संदेश मला आधी तिघांनी पाठवला होता आणि मी तो दुर्लक्षून सोडून दिला होता. आता तो शाळेच्या भिंतीवर लागणार असेल तर गप्प बसून चालणार नाही.

संदेशात म्हटले आहे ते थोडक्यात असे. चिनी लोक भारताला 'तियानचू' म्हणत आणि त्याचा अर्थ 'स्वर्गभूमी'. तिथे गेलेल्या भारतीय भिक्षूंनी त्यातला 'चू' आडनाव म्हणून घेतला. त्यांचे वंशज आज कोट्यवधी आहेत. मिंग घराण्याचा संस्थापक चू युआनचांग, माजी पंतप्रधान चू रोंगजी आणि हवामानशास्त्रज्ञ चू खचन हे तिघेही म्हणून भारतीय रक्ताचे. आणि चीनचे सरकार हे जगापासून लपवते.

सुरुवात भाचीच्या तक्त्यापासूनच करतो. तिने काढलेल्या अक्षरात सहा रेघा होत्या. भारताच्या जुन्या नावात येणाऱ्या 'चू'ला आठ रेघा लागतात: वर बांबूचे चिन्ह आणि खाली दोन आडव्या रेघा. तिने इंटरनेटवरून उतरवून घेतलेले अक्षर दुसऱ्याच 'चू'चे होते, ज्याचा अर्थ शेंदरी लाल रंग असा होतो. दोष तिचा नाही, कारण संदेश लिहिणाऱ्यानेच हा घोटाळा केलेला आहे. चिनी आडनाव म्हणजे अक्षर. नुसता उच्चार नव्हे. लाल रंगाचा 'चू' उंच, सपाट सुरात म्हणतात, बांबूचा 'चू' चढत्या सुरात. पण रोमन लिपीत सूर गळून पडले की दोन्ही एकसारखे दिसतात, आणि मराठी वर्तमानपत्रांत दोन्हींचे 'झू' होते. आपल्याकडे काळे आणि कळे ही दोन आडनावे इंग्रजीत एकाच स्पेलिंगने लिहिली जातात. तेवढ्यावरून सगळ्या कळ्यांना काळ्यांच्या कुळात कोणी घालत नाही.

लाल रंगाचा 'चू' चीनमधल्या सर्वांत मोठ्या वीस आडनावांत मोडतो, आणि संदेशातले 'कोट्यवधी' तिथून आले आहेत. बांबूचा 'चू' दुर्मीळ आहे. चू युआनचांग आणि चू रोंगजी हे दोघेही लाल रंगाचे 'चू', त्यामुळे त्यांचा प्रश्न इथेच निकालात निघतो. युआनचांग १३२८ मध्ये एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मला. दुष्काळात आणि साथीत आईवडील गेल्यावर पोटासाठी तो काही काळ बौद्ध मठात राहिला, हे खरे; पण आडनाव त्याला वडिलांकडून आले होते, मठातून नव्हे.

आता या संदेशातल्या सर्वांत चुकीच्या विधानाकडे येतो. भिक्षूंचे वंशज! भिक्षू ब्रह्मचारी असतो, घर सोडून निघालेला असतो, ही साधी गोष्ट लिहिणाऱ्याच्या मनात आली कशी नाही, हे मला समजत नाही. एक अर्धसत्य मात्र मान्य करायला हवे. भारतातून आलेल्या भिक्षूंच्या नावामागे 'तियानचू'मधला 'चू' लावत असत. परंपरेने पहिल्या शतकात लोयांगला आलेला मानला जाणारा चू फालान हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पार्थियाहून, म्हणजे प्राचीन इराणकडून आलेल्यांना 'आन', समरकंदच्या बाजूच्यांना 'खांग', मध्य आशियातल्या युएची लोकांना 'च' अशी देशवाचक आडनावे त्या काळी सर्रास होती. परंतु संघात हे नाव पुढे गेले ते गुरूकडून शिष्याकडे. २८६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर करणारा धर्मरक्ष चिनी ग्रंथांत चू फाहू या नावाने येतो. तो दुनहुआंगचा, युएची कुळातला. मूळ आडनाव 'च', आणि 'चू' त्याने आपल्या भारतीय गुरूचा घेतला. पाचव्या शतकातला थोर विचारवंत चू दाओशेंग तर जन्माने चिनी, घरचे आडनाव वेई. त्याला 'चू' मिळाला तो चू फाताई या आपल्या गुरूकडून. निवृत्तिनाथांच्या नावातला 'नाथ' गहिनीनाथांकडून आला, बापाकडून नव्हे, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

ही प्रथाही फार काळ टिकली नाही. चौथ्या शतकात दाओआन या आचार्याने असा आग्रह धरला की सगळ्या भिक्षूंचा मूळ गुरू शाक्यमुनी एकच असल्यामुळे सर्वांनी शाक्य या नावातले पहिले अक्षर, 'श', हेच लावावे. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची वेगळी नावे उरत नाहीत, तसे चारही वर्णांचे लोक संघात आले की शाक्यपुत्र होतात, हे बुद्धवचन पुढे चिनी भाषांतरात आले तेव्हा त्याच्या म्हणण्याला मोठाच आधार मिळाला. चिनी भिक्षू आजही 'श' लावतात. ज्या माणसांनी कुळ आणि वर्ण मुद्दाम मागे टाकले, त्यांच्याच नावाने आपण आता रक्ताचा अभिमान मिरवावा, याचा मला मनापासून राग येतो.

मग भिक्षू नसलेल्या, संसारी घरांत 'चू' आला कुठून? याला 'ग्वांगयुन' या १००८ सालच्या शब्दकोशात स्पष्ट उत्तर आहे. हान राजवटीच्या उत्तरार्धात चू यान नावाचा एक सरदार होता. त्याचे आडनाव नुसते 'बांबू' असे होते. एका सूडाच्या प्रकरणातून त्याला शत्रू झाले आणि नाव बदलणे भाग पडले; पण पूर्वज थोर असल्यामुळे कुळाचे नाव पुसून टाकणे त्याला पटेना. म्हणून त्याने बांबूच्या खाली 'दोन' हा अंक जोडला आणि तो लांगया भागातल्या 'ज्यू' नावाच्या परगण्यात राहायला गेला. हे दोन म्हणजे बोयी आणि शूची, कूचू राज्याचे दोन राजपुत्र. चौ घराण्याच्या राजाने बळाने मिळवलेल्या राज्यातले धान्य खायचे नाही म्हणून शौयांग डोंगरावर उपाशी मेलेले हे भाऊ चिनी परंपरेत सचोटीचे मानदंड आहेत. आडनावाच्या तळाशी असलेल्या दोन रेघा म्हणजे ते दोघे भाऊ, असे त्या कोशाचे म्हणणे, आणि त्यात भारताचा कुठेही संबंध येत नाही. झेज्यांग प्रांतात १८९० मध्ये जन्मलेल्या चू खचन यांचे आडनाव खरोखरच या अक्षराचे. पण आडनावाला असे अस्सल चिनी मूळ उपलब्ध असताना केवळ अक्षरावरून त्यांना भारतीय ठरवता येत नाही.

'स्वर्गभूमी'बद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 'तियान' म्हणजे आकाश हे खरे, पण इथे ते अक्षर आवाजासाठी वापरले आहे. सिंधू-हिंदू या शब्दाच्या इराणी रूपाचे ते चिनी कानांना ऐकू आले तसे लिप्यंतर आहे; त्याआधीचे रूप 'शेनदू'. स्वतः ह्युएन त्संगाने ६४६ मध्ये पुऱ्या केलेल्या प्रवासवृत्तांतात ही जुनी नावे बाजूला सारून 'यिंदू' हा उच्चार योग्य ठरवला. आणि 'चू' हे अक्षर भारताच्या नावासाठी घडवलेलेही नाही; दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या 'शुओवन' या कोशात त्याचा अर्थ 'जाड, घट्ट' असा दिला आहे. राहिली लपवाछपवी. 'ग्वांगयुन'मधली नोंद सुरूच होते ती 'तियानचू, देशाचे नाव' या शब्दांनी आणि आडनाव त्यानंतर येते. हजार वर्षे छापील असलेली गोष्ट लपवणार कोण?

चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले भारतीय वंशाचे एक घराणे पुराव्यानिशी दाखवता येते, आणि या संदेशात त्याचे नावही नाही. ते आडनाव 'छूथान', म्हणजे आपले गौतम. थांग राजवटीत या घरातल्या पिढ्या छांगआनच्या (आजच्या शीआनच्या) राजदरबारी ज्योतिषी होत्या. १९७७ मध्ये शीआनजवळ त्यांच्यापैकी छूथान चुआन याची कबर सापडली, आणि तिच्यातल्या शिलालेखात घराण्याचे मूळ मध्य भारतात असल्याचे कोरलेले आहे. चुआनचा पिता छूथान शीदा, म्हणजे गौतम सिद्ध. त्याने ७१८ मध्ये भारतीय नवग्रह-गणिताचे चिनी भाषांतर केले. भाचीने लाल अक्षरावर कोरा कागद चिकटवला आहे आणि आता तिथे त्या ग्रंथातली एक सूचना लिहायची असे आमचे ठरले आहे: अंक मांडताना जिथे जागा रिकामी राहील, तिथे नेहमी एक टिंब द्यावे.