काढूनच टाका

‘आता या वयात कशाला एवढा खर्च? काढूनच टाका.’

सकाळी नाशिकच्या कॉलेज रोडला दातांच्या दवाखान्यात हे ऐकलं आणि अजून डोकं शांत झालेलं नाही. माझ्या आधी दिंडोरीकडचे एक आजोबा होते. टोपी मांडीवर, शेजारी मोबाईलमध्ये घुसलेला मुलगा. दार उघडंच होतं. डॉक्टर स्क्रीनवर दाखवत होत्या की कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीय, पण मुळं घट्ट आहेत, दाढ वाचेल. मुलाने मान वर न करता निकाल दिला. आजोबा टोपी चाचपत म्हणाले, ‘हा म्हणतो तसं करा.’

माझे वडील, अण्णा, तेही असंच म्हणाले होते. १९८६. आम्ही पंचवटीत राहायचो. दाढ दुखली की काढायची, एवढंच आमच्या घराला माहीत. रूट कॅनॉल, म्हणजे आतली किडलेली नस साफ करून दाढ वाचवणं, तेव्हाही होत होतं हो, पण आमच्यापर्यंत आलं नव्हतं. तीन वर्षांत पाच दाढा गेल्या. अण्णांचा जीव भाजलेल्या शेंगदाण्यांत आणि गुळात. मग आई रोज संध्याकाळी खलबत्ता घेऊन बसायची. तो ठक ठक आवाज मला आजही ऐकू येतो.

आणि आज? तोंडात सेन्सर धरला की काही सेकंदांत दाढेचा फोटो समोर. १८९६ साली एका जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा त्याला २५ मिनिटं हलायची सोय नव्हती! माझ्या रूट कॅनॉलला डॉक्टरांनी ओठाला एका यंत्राचा हुक अडकवला, सुई मुळाच्या टोकाशी पोचली की यंत्र पीं पीं करतं. निकेल-टायटॅनियमच्या सुया, वाकड्या मुळातही वळत जातात. दाढेवर बसवायच्या कॅपच्या मापाला तोंडात दाबायचा तो गुलाबी लगदा नाही, नुसती कॅमेऱ्याची कांडी फिरवली. कवळीचं माप देताना अण्णांना त्या लगद्याने उलटी झाली होती, बिचारे डॉक्टरांचीच माफी मागत होते.

एवढं सगळं हाताशी असताना आपण दाढ उपटतो. का, तर माणूस म्हातारा! ट्रॅक्टरचं टायर फुटलं म्हणून ट्रॅक्टर भंगारात घालतो का आपण? मोबाईलची काच तडकली तर त्याच दिवशी बदलून आणतो. बापाची दाढ मात्र ‘काय करायचीय आता’. अरे, भाकरी चावायचीय त्याला!

मोठी स्क्रीन लावून नसलेली कीड दाखवणारेही आहेत, मान्य.

आणि पैसे... हो. घरी येऊन चहा घेतला तेव्हा जरा निवले. त्या पोराला मी मनातल्या मनात फार बोलले. बागेवर कर्ज असेल, द्राक्षाचे पैसे अडकले असतील. मेडिक्लेम सहसा दातांकडे बघतही नाही. रूट कॅनॉलचे वेगळे, झिर्कोनियाच्या, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या कॅपचे वेगळे, माझेही आकडा ऐकून डोळे पांढरे झालेच होते. आमच्या घरी तरी अण्णांच्या वेळी कुठे पैसे होते?

पण विचारायला काय पैसे पडतात? ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच. अण्णांनाही कुणी विचारलं नाही. ना आईने, ना डॉक्टरने, ना मी. मी तेव्हा चौथीत होते हे खरं, पण आज तर नव्हते ना? आजही हातातलं मासिक चाळत गप्पच बसले.

आजोबा बाहेर आले तेव्हा गालात कापूस होता. मुलगा गोळ्यांची चिठ्ठी घेऊन पुढे निघून गेला. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला हातानेच खूण केली, जा, तुमचा नंबर आला.

माझी कॅप बसली. छान बसली. दोन दिवस त्या बाजूने कडक काही चावू नका म्हणाल्यात.

संध्याकाळी शेंगदाण्याचा कूट केला. आईच्या खलबत्त्यात. मिक्सर आहे घरात, माहितीये मला.